वॉल्ट्झ कुणाचा? चाल बांधणारे आणि वाद्यांना वाटून देणारे



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हांला विचारलं, खारघरचा आणि वॉल्ट्झचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. वॉल्ट्झ हा व्हिएन्नाचा नाच, झुंबरं लावलेल्या दालनांतला. आणि खारघर म्हणजे पांडवकड्याच्या पायथ्याशी सिडकोने वसवलेलं शहर. पण संध्याकाळी इथल्या कुठल्याही सेक्टरमधून चालत जा, एखाद्या तरी खिडकीतून कीबोर्डच्या क्लासचा आवाज येतोच. डावा हात ‘धम्-चक्-चक्’ करतोय आणि उजवा हात चाल वाजवतोय. परीक्षेच्या पुस्तकातला तो धडा म्हणजे वॉल्ट्झ. आणि लग्नसराईत बेलपाडा, कोपरा, मुर्बी अशा इथल्या मूळ गावांकडे वळलात, तर हळदीच्या मांडवातून अनेक कोळीगीतांचा जो हेलकावा ऐकू येतो, तोही तीन-तीनचाच. म्हणजे तीनची मोजणी खारघरला नवी नाही. नवं आहे ते तिच्यावर एक अख्खा वाद्यवृंद कसा उभा करतात, हे.

आज आपण दोन वेगवेगळ्या कामांचा इतिहास बघणार आहोत. पहिलं काम वॉल्ट्झ रचण्याचं, म्हणजे चाल आणि तिचा आराखडा. दुसरं काम तो वॉल्ट्झ वाद्यवृंदासाठी लिहिण्याचं, म्हणजे व्हायोलिनने काय वाजवायचं, बासरीने कुठे यायचं, कुणी गप्प बसायचं, हे ठरवून प्रत्येकाच्या हातात कागद देण्याचं. पहिल्या कामाला नाव मिळतं. दुसऱ्या कामाला नाव मिळतं की नाही, हे गावावर अवलंबून असतं. आमचं म्हणणं असं आहे, की हे दुसरं काम मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर आणि फार चांगलं झालं. पण आपण त्याची नोंद नीट ठेवली नाही.

तीन मात्रा, पण दादरा नव्हे

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे कुणी म्हणतं, “वॉल्ट्झ म्हणजे आपला दादराच की!” मोजायला बसलात तर तसं वाटतं खरं. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. तीन आणि तीन. वॉल्ट्झच्या दोन बारमध्येही सहाच ठोके. पण दादऱ्यात पहिल्या मात्रेवर सम आहे आणि चौथ्या मात्रेवर खाली. म्हणजे दोन्ही तिकड्या सारख्या नाहीत. एक भरलेली, एक रिकामी. गाणारा त्या खालीच्या अंगाने श्वास घेतो, तिथून पुन्हा समेकडे येतो.

वॉल्ट्झमध्ये खाली नाही. तिथे प्रत्येक बारचा पहिला ठोका जड आणि पुढचे दोन हलके. मग ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळतं कशावरून? हार्मनीवरून. खर्जातला स्वर बदलतो, त्याच्यावरचे कॉर्ड बदलतात आणि कान ओळखतो की आता घरापासून लांब आलो, आता परत निघालो. दादऱ्यात जे काम तबला करतो, ते वॉल्ट्झमध्ये सेलो आणि डबल बास करतात. हा फरक लक्षात ठेवा. कारण तबल्याचा ठेका तबलजी स्वतःच धरतो, त्याला कागद लागत नाही. पण हार्मनी दहा-वीस माणसांत वाटायची असेल, तर कुणीतरी बसून ती लिहावीच लागते. तो ‘कुणीतरी’ हाच आजचा आपला नायक.

व्हिएन्नाचा साचा

वॉल्ट्झचं मूळ ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या गावाकडच्या नाचात, लेंडलर म्हणतात त्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो शहरात आला. जोडीदाराला जवळ धरून गरगर फिरायचं, हे तेव्हा सभ्य मानलं जात नव्हतं. 1816 मध्ये इंग्लंडच्या राजदरबारी मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याच्यावर कडक टीका केली होती. पण 1814-15 च्या व्हिएन्ना परिषदेपासून हा नाच युरोपभर पसरलाच, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जोसेफ लानर आणि थोरला योहान स्ट्राउस यांनी त्याला एक पक्का साचा दिला.

तो साचा असा. सुरुवातीला एक संथ प्रस्तावना. मग एकामागून एक अशी वॉल्ट्झची माळ, बहुधा पाच. प्रत्येकाचे दोन भाग, साधारण सोळा-सोळा बारचे. आणि शेवटी कोडा, ज्यात आधीच्या चाली पुन्हा डोकावून जातात. धाकट्या योहान स्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ याच साच्यातला आहे. 15 फेब्रुवारी 1867 रोजी तो पहिल्यांदा सादर झाला तेव्हा पुरुषांच्या गायकवृंदासह झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नुसत्या वाद्यवृंदाने तो वाजवला आणि मग तो जगाचा झाला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतोय. चाल तीच होती. ती कुणाकडून आणि कशी सादर करायची, हे बदललं आणि तिचं नशीब बदललं.

त्या वॉल्ट्झची सुरुवात आठवून बघा. व्हायोलिन अगदी हळू थरथरतात आणि त्या थरथरीवर हॉर्न मुख्य चालीचे पहिले काही स्वर म्हणतो. नाच अजून सुरूच झालेला नाही, फक्त पहाट होतेय. हे स्वर पियानोवर वाजवलेत तर चाल कळेल, पहाट होणार नाही. पहाट वाद्यांच्या वाटपातून होते.

बर्लिओझने काय केलं

वाद्यांचं वाटप म्हणजे नक्की काय, हे समजायला एक उत्तम उदाहरण आहे. कार्ल मारिया फॉन वेबर याने 1819 मध्ये पियानोसाठी ‘इन्व्हिटेशन टु द डान्स’ नावाची रचना लिहिली. नुसता नाचण्यासाठी नव्हे, तर बसून ऐकण्यासाठी लिहिलेल्या पहिल्या महत्त्वाच्या वॉल्ट्झपैकी ही एक. ही रचना डी फ्लॅट मेजर या स्केलमध्ये आहे. पियानोवर ते स्केल हाताखाली छान बसतं. 1841 मध्ये फ्रेंच संगीतकार हेक्टर बर्लिओझ याने ती वाद्यवृंदासाठी लिहिली आणि पहिलं काम काय केलं, तर अख्खी रचना अर्धा स्वर वर नेऊन डी मेजरमध्ये आणली.

का? आता बघा, व्हायोलिनला चार तारा: जी, डी, ए आणि ई. डी मेजरमध्ये हे चारही स्वर आहेत. त्यामुळे वादक वाजवत असताना मोकळ्या तारा आपोआप साथीला घुमतात आणि सगळा आवाज उजळतो. डी फ्लॅट मेजरमध्ये या चारांपैकी एकही स्वर नाही. चाळीस व्हायोलिन वाजत असले तरी तारा बांधल्यासारख्या, आवाज थोडा झाकलेला. बर्लिओझने चालीतला एकही स्वर स्वतःचा घातला नाही असं धरलं, तरी हा एक निर्णय त्या रचनेचा रंग ठरवून गेला. ‘ब्लू डॅन्यूब’मधला पहिला वॉल्ट्झही डी मेजरमध्येच आहे, हा योगायोग नाही.

आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे आज ती रचना कार्यक्रमात वाजते तेव्हा पत्रिकेत दोन नावं छापतात: वेबर आणि बर्लिओझ. रचणारा आणि वाद्यवृंदासाठी लिहिणारा. युरोपात सगळं न्यायाने चालायचं असं आम्ही म्हणत नाही. पण छापील स्वरलिपीच्या धंद्यामुळे तिथे कागदाला किंमत होती. आणि कागदाला किंमत असली, की कागद लिहिणाऱ्याचं नाव टिकतं.

गोव्याची वाट

आता आपल्याकडे येऊ. कागदावर स्वर लिहायची ही विद्या आपल्या किनाऱ्यावर आली ती गोव्याच्या वाटेने, आणि व्हिएन्नाचा वॉल्ट्झ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. प्रार्थनेला गायकवृंद हवा, हा त्यामागचा हेतू. पण त्यातून झालं असं, की गावोगावी अशी माणसं तयार झाली, ज्यांना कागद समोर ठेवला की त्यावरचं संगीत ऐकू यायचं.

एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या मोठ्या घरांच्या दालनांमध्ये वॉल्ट्झ, पोल्का, कॉन्ट्रादान्स हे युरोपी नाच आले. गोव्याने ते नुसते नाचले नाहीत, त्यांतून आपलं काहीतरी केलं. ते म्हणजे मांडो. मांडो सहा ठोक्यांचा, वॉल्ट्झपेक्षा संथ, कोंकणी शब्दांचा, बहुधा विरहाचा. दोन आवाज एकमेकांपासून ठरावीक अंतर ठेवून समांतर जातात. साथीला व्हायोलिन आणि घुमट. स्त्रिया हातात पंखे घेऊन, पुरुष समोरासमोर उभे राहून नाचतात. तीनचा युरोपी हेलकावा आणि घुमटाचा देशी ठोका एकाच दालनात.

इथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट आहे. मांडो रचणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. कुडतरीचे लिगोरियो कोश्ता (1851-1919), आर्नाल्दो द मिनेझिस (1863-1917), लोटलीचे तोरक्वातो द फिगरेदो (1876-1948). मैफल संपताना निरोपाचा म्हणून जो मांडो आजही सगळीकडे गातात, ‘आदेवस कोरच्या वेळार’, तो तोरक्वातो यांचा, 1905 चा. लोकगीतासारखा झालेला असूनही त्याचा कर्ता हरवला नाही. का? कारण घराण्यांनी, गावांनी ते लक्षात ठेवलं. हा मांडो अमक्याचा, तमक्याच्या लग्नासाठी केलेला, असं सांगत सांगतच तो पुढच्या पिढीकडे गेला. म्हणजे नाव टिकवायला छापखाना हवाच असं नाही. सांगणारी माणसं असली तरी चालतं.

मुंबईचे स्टुडिओ

हीच माणसं, म्हणजे स्वरलिपी वाचणारी गोव्याची पिढी, पोटापाण्यासाठी मुंबईला आली. धोबीतलाव, गिरगाव भागातल्या गावकऱ्यांच्या क्लबांत, ज्याला ‘कुड’ म्हणतात, तिथे उतरली. मूकपटांच्या थिएटरात, हॉटेलांच्या नाचघरांत, जहाजांवर, लष्करी बँडमध्ये वाजवू लागली. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि थिएटरातल्या वादकांची गरज संपली. पण त्याच वेळी स्टुडिओंना वादक हवे झाले. एक दार बंद झालं, शेजारचं उघडलं.

मुंबईत पाश्चात्य अभिजात संगीताची स्वतंत्र हालचालही होतीच. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांनी पुढे 1990 पासून पाच वेळा व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचं संचालन केलं. म्हणजे स्ट्राउसच्या वॉल्ट्झची सगळ्यात प्रतिष्ठेची मैफल, आणि समोर छडी घेऊन उभा मुंबईत जन्मलेला माणूस. वॉल्ट्झ वाजवणं, वाजवून घेणं यात आपण कुठे कमी पडलो नाही, हे यावरून कळावं.

पण वॉल्ट्झ घराघरांत गेला तो चित्रपटातून. 1949 च्या ‘बरसात’मध्ये राज कपूर व्हायोलिनवर जी धून वाजवतो, ती आहे ‘वेव्हज ऑफ द डॅन्यूब’. रुमानियाचा लष्करी बँडमास्तर इओन इवानोविची याचा 1880 चा वॉल्ट्झ. आणि गंमत बघा, हा वॉल्ट्झही दोन माणसांचा आहे. इवानोविचीची चाल पॅरिसमध्ये गाजली ती एमिल वाल्डटॉयफेलने वाद्यवृंदासाठी लिहिल्यावर. आर. के. च्या बोधचिन्हात पुरुषाच्या एका हातात व्हायोलिन दिसतं ना, ते ‘बरसात’च्याच पोस्टरवरून घेतलंय.

पुढे शंकर-जयकिशन यांनी हा हेलकावा आपलासा केला. 1960 चं ‘अजीब दास्ताँ है ये’ किंवा 1962 चं ‘तेरा मेरा प्यार अमर’ गुणगुणून बघा. पाय आपोआप एक-दोन-तीन करतो. आता ही गाणी कशी तयार व्हायची ते थोडं डोळ्यांसमोर आणू. संगीतकार हार्मोनियमवर चाल म्हणून दाखवतो. समोर अॅरेंजर बसलेला. तो चाल ऐकतो, तिच्याखाली कॉर्ड बसवतो, दोन ओळींच्या मधली जागा व्हायोलिनने भरायची की अॅकॉर्डियनने, हे ठरवतो, आणि प्रत्येक गटासाठी वेगळा कागद लिहितो. सतार, सारंगीवाले आपापल्या वहीत सरगम उतरवून घेतात. मग ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला सगळे एकत्र बसतात आणि गायकासह एका दमात गाणं वाजतं. कुणी एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

शंकर-जयकिशन यांचा हा कागद दोन दशकांहून अधिक काळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी लिहिला. मूळचे बार्देशातल्या रेइस मागुशचे. आणि ठेक्याची बाजू सांभाळली दत्ताराम वाडकर यांनी, तेही गोव्याचेच. मघाशी आपण दादरा आणि वॉल्ट्झचा फरक बघितला. त्या गाण्यांत हे दोन्ही एकत्र का नांदतात, याचं उत्तर या दोन माणसांत आहे. खालून दत्ताराम यांचा ठेका आणि वरून सेबॅस्टियन यांचे व्हायोलिन. एकाच गाण्यात सम-खालीही आहे आणि हार्मनीही आहे.

श्रेयनामावलीत मात्र दोघांची नावं येतात ती ‘सहाय्यक’ म्हणून.

‘सहाय्यक’ या शब्दाबद्दल

इथे थोडं थांबू, कारण यावर दोन बाजूंनी बोलता येतं. कुणी म्हणेल, हा अन्याय झाला. कुणी म्हणेल, अन्याय कसला? चाल संगीतकाराची, जबाबदारी त्याची, गाणं पडलं तर नाव त्याचं खराब होणार. अॅरेंजरला ठरलेले पैसे मिळत. शिवाय स्ट्राउस घराण्यातही भाऊ-भाऊ मिळून लिहीतच होते की. हे खरं आहे. पण त्यांची ‘पिझिकाटो पोल्का’ दोन भावांनी मिळून केली, आणि तिच्यावर योहान आणि योसेफ अशी दोन्ही नावं आहेत.

आम्हांला यामागे द्वेष किंवा लबाडी दिसत नाही. आम्हांला दिसते ती शब्दाची उणीव. आपल्या संगीतात चाल म्हणजेच रचना. राग, बंदिश, ताल यांत हार्मनी नावाची गोष्ट नाही, त्यामुळे ती लिहिणारा माणूस आपल्या व्यवस्थेत कुठे बसवायचा, हेच कळत नव्हतं. चाल त्याची नाही, तो गात नाही, मग तो कोण? सहाय्यक. पुढे मराठीत ‘संगीत संयोजक’ हा शब्द रूढ झाला. अनिल मोहिले, पुण्याचे अॅकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्यांच्या कामाला तो शब्द लागला, तेव्हा कुठे या कामाचा चेहरा दिसू लागला. शब्द उशिरा आला की श्रेयही उशिरा येतं.

या मधल्या काळात एका माणसाने शब्दाची वाट बघितली नाही. अँथनी गोन्साल्विस. 1927 मध्ये माजोर्ड्यात जन्म, वडील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक, 1943 मध्ये मुंबईत येऊन नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादक. स्टुडिओत वाजवत, लिहीत असताना त्यांच्या मनात होतं की आपल्या रागांवर आधारलेली, पण पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना व्हावी, आणि ती चित्रपटासाठी नव्हे, मैफलीसाठी असावी. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभराहून अधिक वादक, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. ‘सोनाटिना इंडियाना’, राग सारंगवरचा कॉन्सर्टो अशा त्यांच्या रचना आहेत. हे वॉल्ट्झ नव्हेत. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांत आहे: चालही स्वतःची, वाटपही स्वतःचं, आणि वर नावही स्वतःचं.

असा प्रपंच एका माणसाच्या खिशावर किती दिवस चालणार? 1965 मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. नंतर गोव्यात परतले आणि 2012 मध्ये निवर्तले. त्यांचा शिष्य प्यारेलाल शर्मा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं ते गाणं सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं नाव शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. देशभर नाव झालं, पण माणूस माहीत नाही, अशी ही विलक्षण गत.

आज कागद घेऊन बसलात तर

आता समजा तुमच्यापैकी कुणी ठरवलं, की आपण जुन्या वळणाचा एक नवा, स्वतःचा वॉल्ट्झ लिहायचा. इतिहास याबाबत काय शिकवतो? आपण कागदावर मांडून बघू.

स्केल घ्या डी मेजर. बर्लिओझचा धडा. चाल सोळा बारची. पहिल्या आठ बारमध्ये घरातून बाहेर पडायचं, म्हणजे पाचव्या स्वराच्या कॉर्डपर्यंत जायचं. पुढच्या आठांत परत यायचं. चालीत दर बारला तीन स्वर कोंबू नका. स्ट्राउसच्या चाली नीट ऐका, कितीतरी ठिकाणी एकच लांब स्वर दोन बारांवरून तरंगत जातो. खाली पाय तीन मोजतोय आणि वर चाल मोजायला तयार नाही, नाचणाऱ्याला उचलून धरणारी हवा त्यातूनच येते. कुठेतरी दोन बारचे सहा ठोके तीन-तीनऐवजी दोन-दोन-दोन असे पाडा. आपल्या ढोलकीवाल्यांना ही खोड उपजत असते.

मग वाटप. पहिल्या ठोक्याला सेलो आणि डबल बास, तेही बहुधा बोटाने तार छेडून. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि हॉर्न. चाल पहिल्या व्हायोलिनकडे. ती दुसऱ्यांदा येईल तेव्हा एक सप्तक वर बासरी जोडा, तिसऱ्यांदा खाली सेलोला एक वेगळी, तिला उत्तर देणारी ओळ द्या. सगळ्यांना सगळं एकदम देऊ नका. जे वाद्य पहिल्यापासून वाजतंय, त्याच्या येण्याचा आनंद कुणाला होणार? आणि क्लॅरिनेट साधारणपणे बी फ्लॅटचा असतो. वादक सी वाचतो तेव्हा ऐकू येतो बी फ्लॅट. म्हणून त्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो.

आज संगणकावर हे सगळं क्षणात वाजतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही अख्खा वाद्यवृंद असतो. सोय मोठी आहे, पण तिचा एक धोका आहे. संगणकातला हॉर्नवाला कधी दमत नाही, त्याला श्वास घ्यावा लागत नाही, आणि व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या जी-च्याही खालचा स्वर लिहिला तरी कित्येकदा तो निमूट वाजवून दाखवतो. सेबॅस्टियन यांच्यासमोर जिवंत माणसं बसलेली असायची. त्यांतला कुठला व्हायोलिनवाला वरच्या जागेत कचरतो, हे अॅरेंजरला माहीत असायचं. शिवाय व्हिएन्नाचे वादक वॉल्ट्झचा दुसरा ठोका किंचित आधी घेतात. तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो. आपल्या ठेक्यातलं ‘वजन’ जसं बोल लिहून कळत नाही, तसंच ते. म्हणून आमचा आग्रह असा, की लिहिलेला वॉल्ट्झ चार तरी खऱ्या माणसांकडून वाजवून घ्या. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक गिटार. खारघर, बेलापूर, वाशी मिळून एवढी माणसं नक्की जमतील. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला काय तयारीचा असतो, ते त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

रद्दी

शेवटचा मुद्दा. 1907 मध्ये एदुआर्द स्ट्राउस, म्हणजे धाकट्या योहानचा भाऊ, याने घराण्याच्या वाद्यवृंदाचं सगळं हस्तलिखित भांडार भट्टीत घालून जाळलं. स्वतः समोर उभं राहून. कित्येक दशकांची, वेगवेगळ्या माणसांनी वाद्यवृंदासाठी लिहिलेली पानं त्यात गेली. छापलेले वॉल्ट्झ वाचले, कारण त्यांच्या प्रती जगभर होत्या. जे फक्त हाताने लिहिलेलं होतं, ते राख झालं.

आपल्याकडे भट्टी लागली नाही. आपल्याकडे रद्दीवाला पुरला. ध्वनिमुद्रण झालं की कागदाचं काम संपलं, अशीच स्टुडिओंची रीत होती. गाणं तबकडीवर राहिलं, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं राहिलं. पण गाणं ऐकू येणं वेगळं आणि ते कसं बांधलं हे कळणं वेगळं. आज त्या काळचा एखादा वॉल्ट्झ पुन्हा जसाच्या तसा वाजवायचा, तर कुणालातरी कान लावून, एकेक ओळ वेगळी काढून, कागद नव्याने लिहावा लागतो. एकदा केलेलं काम पुन्हा करावं लागतं, आणि तेही पहिल्या माणसाचं नाव न घेता.

मुंबईतली पुष्कळ कुटुंबं गेल्या तीस-चाळीस वर्षांत दादर, गिरगाव, माहीम सोडून इकडे, नवी मुंबईत आली. त्यांत वादकांची कुटुंबंही आहेत. सामान हलवताना एखादी ट्रंक अजून माळ्यावर पडलेली असेल. तिच्यात पाच-पाच रेघांच्या ओळींचे पिवळे कागद असतील, कोपऱ्यात गाण्याचं नाव, वर ‘सेकंड व्हायोलिन’ किंवा ‘क्लॅरिनेट’ एवढंच लिहिलेलं. ते कागद द्यायच्या आधी एकदा बघा. प्रत्येक पानाचा फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे अक्षर कुणाचं? आणि ते उत्तर त्याच पानाच्या मागे, पेन्सिलीने, तारीख घालून लिहून ठेवा. साष्टीच्या लोकांनी मांडोचे कर्ते असेच राखले, नुसते सांगून सांगून. आपल्याला तर लिहिताही येतं.

आणि तुमच्यापैकी कुणी तो नवा वॉल्ट्झ लिहिलाच, तर पहिल्या पानावर चाल कुणाची आणि वाद्यवृंदासाठी लिहिलं कुणी, हे दोन ओळींत घाला. दोन्ही कामं तुमचीच असली, तरी दोन्ही ओळी लिहा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.